आईचा थकवा आणि फ्रिजवरच्या बाटल्या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, काल व्हिडिओ कॉलवर फ्रिजवर आईच्या थकव्यासाठी आणलेल्या बाटल्यांची रांग दिसली. जिनसेंग, हळदीच्या कॅप्सूल, को-एन्झाइम क्यू-१०. कोथरूडात भेटेल तो एक नाव सुचवतो आणि तुम्ही लगेच सदाशिव पेठ गाठता. आईसाठी तुमचा जीव तुटतो, ते कळतं मला. दोन पोळ्या लाटल्या की तिला ओटा धरून उभं राहावं लागतं, हे मलाही बघवत नाही.

आई, हा आळस नाही गं. कॅन्सरची केमो संपून महिने झाले तरी हा थकवा राहू शकतो, आणि नुसत्या झोपेने जात नाही.

मी या गोळ्यांबद्दल बरंच वाचलं. क्यू-१० ची २०१३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २३६ बायकांवर चाचणी झाली. रोज ३०० मिलिग्रॅम देऊनही थकव्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत अमेरिकन जिनसेंगने आठ आठवड्यांनी थोडा आराम पडला, पण ती त्याच्या मुळाची शुद्ध पूड होती, रोज २००० मिलिग्रॅम. आपल्या बाटलीत नेमकं कुठलं जिनसेंग आहे, ते लेबलवर बघा.

सगळ्यात काळजी मला हळदीच्या कॅप्सूलची वाटते. आईची टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, चालू आहे. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूलमुळे त्या औषधाचा काम करणारा अंश रक्तात कमी होतो, सोबत मिरीचा अर्क असेल तर आणखी. म्हणून ती बाटली आजच बाजूला ठेवा. आमटीतली हळद खुशाल घाला.

पुढच्या तपासणीला सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. यातलं काही कमी निघालं तर त्यावर नेमका उपाय आहे. लोहाची गोळी मात्र रिपोर्टशिवाय नको. आणि आई, रात्री झोप लागत नाही, मन उदास असतं, हे तूच सांग. बाबा सांगणार नाहीत.

थकव्यावर चालण्याचा उपयोग होतो, असं पुन्हा पुन्हा दिसलंय; या बाटल्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. डॉक्टरांना विचारून संध्याकाळी कमला नेहरू पार्कात एक फेरी मारा, दम लागला की बाकावर बसा. बाबा, तिच्या चालीने चाला.

पोळ्यांना बाई लावायला आता नाही म्हणू नकोस, आई. पैसे मी पाठवते.

तुमची,
मुक्ता