परीक्षणाच्या चौकटीत चित्रकार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत पुस्तक-परीक्षणाच्या शेवटी एक छोटी चौकट असते. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठे आणि मूल्य एवढं येतं. मुलांच्या पुस्तकालाही हीच चौकट. ज्या पुस्तकात शब्द जेमतेम चारशे आणि बाकी सगळा कारभार चित्रांचा, तिथेही चित्रकाराचं नाव नसतं. परीक्षणात फार तर एक वाक्य मिळतं, ‘चित्रे समर्पक आहेत.’ जेवण कसं होतं असं विचारल्यावर ‘गरम होतं’ म्हणावं, तसं हे वाक्य. आम्ही दोघी, एक चित्रं काढणारी आणि एक पुस्तकांची पानं लावणारी, हे पत्र त्या चौकटीत एक ओळ वाढवून मागण्यासाठी लिहीत आहोत. आणि चित्र समर्पक आहे की नाही हे चक्क तपासता येतं, हेही सांगायचं आहे.

मुलांचं पुस्तक मोठं माणूस वाचून दाखवतं, तेव्हा त्याची नजर अक्षरांवर असते आणि मुलाची चित्रावर. एकाच पानावर दोघं दोन गोष्टी वाचत असतात. समजा मजकूर असा आहे : ‘दूध कोणी सांडलं, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.’ चित्रात ओट्यापासून निघालेले ओले पंजे थेट पलंगाखाली गेलेत आणि चादरीखालून शेपटीचं टोक डोकावतंय. मूल खुदकन हसतं. वाचणारा विचारतो, काय झालं? मूल नुसतं बोट ठेवतं. याच जागी मजकुरात ‘मांजरीने दूध सांडलं’ आणि चित्रातही दूध सांडणारी मांजर असती, तर चित्राला कामच उरलं नसतं. परीक्षकाने एकदा मजकूर हाताने झाकून नुसती चित्रं बघावीत, मग चित्रं झाकून नुसता मजकूर वाचावा. दोन्ही वेळा तेवढंच कळलं, तर दोघांपैकी एक जण फुकट राबला.

पान कुठे उलटतं हेही बघावं. २४ पानांच्या पुस्तकात समोरासमोरची जोडपानं मिळतात अकरा. डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर त्याचं उत्तर देणारं चित्र असलं, की प्रश्न वाचून होण्याआधीच मुलाने उत्तर पाहिलेलं असतं. गंमत गेली. उत्तर पान उलटल्यावरच दिसायला हवं. हे जमवायला ए-४चे सहा कागद मधोमध दुमडून २४ पानांची डमी करायची आणि पेन्सिलीने त्यात मजकूर-चित्रांची जागा ठरवायची. अर्ध्या तासाचं काम, पण अनेकदा होत नाही. मजकूर पक्का होतो, अक्षरजुळणी होते आणि मग चित्रकाराला निरोप जातो, ‘पान ५, ९ आणि १४ वर चित्र हवंय, शुक्रवारपर्यंत.’

मोठ्यांच्या पुस्तकातली चित्रं तर पोरखेळ समजली जातात. ठाणे खाडीचंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये खाडीचा भाग रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आला. ऐरोलीला बोटीत बसणारे, सीवूड्सच्या तळ्याकाठी पहाटे उभे राहणारे शेकडो लोक रोहित बघतात, पण इथे रोहित दोन जातींचे येतात हे किती जणांना दिसतं? मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. छोट्याची चोच गडद तांबडी-काळपट, लांबून अख्खी काळीच वाटते. उंचीतही फरक आहे : मोठा सव्वा मीटरच्या पुढे जातो, छोटा नव्वद सेंटिमीटरच्या आतबाहेर. फोटोत हे कळायला दोन्ही पक्षी शेजारी, एकाच अंतरावर, एकाच उजेडात मिळावे लागतात. संध्याकाळचं ऊन सगळ्यांनाच गुलाबी करतं आणि चरताना चोच नेमकी पाण्यात असते! चित्रकार दोघांना एका रेषेत उभं करतो, चोची वर काढतो, शेजारी राखी-तपकिरी पिल्लू ठेवतो आणि फरकाच्या जागी बाण काढतो. अमेरिकी पक्षीचित्रकार रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली पक्षी ओळखण्याच्या पुस्तकात ही बाणांची पद्धत रूढ केली. कॅमेरे इतके सुधारूनही ती मोडीत निघालेली नाही.

पाककृतीच्या पुस्तकाची हीच गत. तयार मोदकाचा गुळगुळीत रंगीत फोटो असतो. कळी चिमटताना पारीच्या आत कोणतं बोट आणि बाहेर कोणती, हे दाखवणारी चार रेषांची आकृती नसते. फोटो बघून भूक लागते, मोदक येत नाही. शिकणाऱ्यांवर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी दाखवलंय की चित्र आणि त्याचं स्पष्टीकरण शेजारी-शेजारी असेल तर ते नीट समजतं, आणि आकर्षक पण विषयाशी संबंध नसलेली चित्रं शिकण्यात अडथळा आणतात. म्हणजे आकृती पान ४० वर आणि तिचा परिच्छेद पान ४३ वर, हा निव्वळ मांडणीतला गबाळेपणा नाही. वाचकाची मेहनत त्यात वाया जाते. आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर उगाच बसवलेली वारली नाचणाऱ्यांची रांगही बिनकामाची.

मराठीत या बाबतीत काही उणं नव्हतं. दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं लोकांना आठवतात, पण आतल्या पानांतलं काम सहज विसरलं जातं. शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत चित्रं काढली आणि हातचा, वजाबाकी या गोष्टींना चेहरे आले. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाशेजारी वसंत सरवटे यांची रेष असायची. ती प्रसंग पुन्हा सांगत बसत नाही, पुलंच्या वाक्याला बाजूने हळूच कोपर मारते. बालभारतीचं मुलांचं मासिक ‘किशोर’ १९७१च्या नोव्हेंबरपासून निघतंय. या सगळ्याचा बराचसा भाग काळ्या शाईच्या रेषेवर उभा आहे. (कादंबरीत नायिकेचा चेहरा काढू नये, वाड्याचा जिना काढावा, असं आमच्यातल्या एकीचं ठाम मत. दुसरीला ते मान्य नाही.)

आता पैशांचं. ‘चित्रं परवडत नाहीत’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. काळ्या रेषेचं चित्र मजकुराच्याच प्लेटवर (छापण्याच्या पत्र्यावर) जातं, एकही जादा प्लेट लागत नाही. खर्च उरतो तो चित्रकाराच्या मानधनाचा, आणि हात तिथेच आखडतो. रंगाचंही गणित आहे. १६ पानांचा फर्मा एका मोठ्या कागदाच्या दोन बाजूंना छापतात, एकेका बाजूला आठ पानं. प्रत्येक बाजूला दर रंगाची एक प्लेट लागते : सगळं एकरंगी असेल तर दोन प्लेटा, सगळं चाररंगी असेल तर आठ. नेहमीच्या घडीत एका बाजूला पानं येतात १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि दुसरीकडे २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. रंगीत चित्रं या दुसऱ्या गटातच बसवली तर प्लेटा लागतात पाच, म्हणजे फक्त तीन जास्त, आणि चाररंगी छपाईचा दर त्या एकाच बाजूपुरता. बदल्यात आठ रंगीत पानं, तीही समोरासमोरची चार जोडपानं. घडी वेगळी असेल तर आकडे बदलतात, म्हणून आधी प्रेसला विचारून घ्यावं. पण हे लेखकाला आणि चित्रकाराला पुस्तक ठरतानाच सांगावं लागतं. रंगीत चित्र पान ५ वर हट्टाने ठेवलं की त्या एका चित्रापायी पलीकडची बाजूही चाररंगी होते.

सगळ्यात वाईट वाटतं ते चांगलं चित्र छापताना मरतं तेव्हा. रेषाचित्र १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके), नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करायला हवं. ते ३०० डीपीआयच्या राखी छटांत स्कॅन झालं, की छापताना रेषेचेही ठिपके होतात आणि कडा केसाळ दिसते. ०.३ मिमीच्या पेनाने काढलेलं चित्र निम्मं केलं तर रेष उरते ०.१५ मिमी. अजून लहान केलं तर ती जागोजाग तुटते आणि दाट छायारेषांतली पांढरी फट शाईने बुजते. रंगीत चित्राला छापायच्या मापात ३०० डीपीआय लागतात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या डेमी पानाला १६५० बाय २५५० पिक्सेल, शिवाय कापणीसाठी कडांना ३ मिमी जास्तीचं चित्र. इंटरनेटवरून उतरवलेलं ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र नीट छापेल फक्त दोन इंच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेतच दाबलं जातं.

कागदही दगा देतो. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा, बिनचकाकीचा कागद, शाई पितो. छटा बारीक ठिपक्यांनी छापतात आणि ते ठिपके पसरतात, त्यामुळे ५० टक्क्यांची छटा छापून सत्तरच्या आसपास दिसते. जलरंगातला सावळा चेहरा थेट कोळसा होतो. त्याला उपाय आहे, मधल्या छटा आधीच हलक्या करून फाइल द्यायची. पण ‘आर्ट पेपर (चकचकीत कागद) परवडत नाही’ म्हणून मॅपलिथोवर येताना फाइल मात्र आर्ट पेपरचीच राहते. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) पातळ कागदावर मागच्या पानावरचं गडद चित्र पुढे दिसतं ते वेगळंच. जोडपानावर पसरलेल्या चित्रात नाक किंवा डोळा नेमका मधल्या घडीत गेला, तर परफेक्ट बाइंडिंगचं (पाठीला गोंदाने चिकटवलेलं) पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि माणूस एकाक्ष होतो.

देवनागरीला यात खास धोका आहे. चाररंगी चित्रावर मजकूर पांढऱ्या अक्षरांत ठेवला आणि एखादा रंग दशांश मिलिमीटरने जरी सरकला, तरी रफार पुसट होतो आणि अनुस्वाराचं टिंब बुजतं. ‘मंद’चा ‘मद’ होतो. मुलांच्या पुस्तकात हे क्षम्य नाही, कारण मुलं अक्षरं तिथेच शिकत असतात. मजकूर काळ्या प्लेटवरच हवा, चित्राच्या फिकट भागावर. तो फिकट भाग चित्रकाराने सोडावा लागतो, आणि त्यासाठी मजकूर किती ओळींचा आहे हे त्याला आधी कळावं लागतं.

यंत्राकडून (एआयकडून) काढून घेतलेल्या चित्रांबद्दल थोडकंच. वेणी पान ६ वर उजवीकडे, पान ८ वर डावीकडे आणि दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी. मुलांना पहिली चूक आपल्याआधी सापडते.

आता नावाची बाब. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा चित्रकाराचा हक्क राहतो. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी लागतो आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. सातव्या आवृत्तीत तीच चित्रं, त्याच मानधनात, श्रेयपानावर नाव गाळून छापणं हा साधेपणा नाही.

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. इथल्या वाचकाला छपाई आणि बांधणी पारखता येते, चित्रंही येतील. परीक्षकांनी चित्रकाराचं नाव लिहावं, कागद आणि छपाईने चित्राचं काय केलं ते एका वाक्यात सांगावं, जमल्यास एखाद्या चित्रावर बोट ठेवून त्यात काय आहे ते लिहावं. चौकटीत ‘चित्रे’ आणि ‘मुखपृष्ठ’ वेगळं नोंदवावं, कारण अनेकदा ती दोन वेगळी माणसं असतात. चित्रकाराचं नाव पुस्तकातच सापडलं नाही तर ‘चित्रे : उल्लेख नाही’ असं छापावं. जागा एका ओळीची लागेल. ती ‘मूल्य’च्या वर घ्यावी की खाली, ते आपण ठरवा.

आपल्या,
दोन वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)