त्या चौदाशे रुपयांचा हिशेब

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, तेव्हा एका बैठकीत वाचू नका. आईला वाचायला दिलंत तरी चालेल, त्यात लपवण्यासारखं आता काही नाही.

एरिया मॅनेजर झाल्याचं रविवारी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही "छान" म्हणालात आणि पुढच्याच श्वासात, "मग आता पदवी काढायला काय हरकत आहे? मुक्त विद्यापीठाची जाहिरात आलीय, कात्रण काढून ठेवलंय." मी "बघतो" म्हणालो. वीस-एकवीस वर्षं मी हेच म्हणतोय. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि माझं राहून जातं.

२००४ साली मुक्त विद्यापीठाच्या बी. कॉम.साठी तुम्ही मला १,४०० रुपये दिले होते. तो फॉर्म मी भरलाच नाही.

एस. वाय.ला विषय राहिले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. पण मी कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्या एजन्सीत सेल्समन म्हणून लागलो, २,२०० पगार आणि पेट्रोल, हे कळल्यावर तुम्ही दोन दिवस जेवताना मान वर केली नाहीत. गावात कुणी विचारलं की "खाजगी कंपनीत आहे" सांगायचात. गुरुजींचा मुलगा दारोदार साबण विकतो हे तुमच्या तोंडून निघत नव्हतं. राग नव्हता मला. मलाही पहिले सहा महिने ओळखीचं कुणी दिसलं की बॅग मागे लपवावीशी वाटायची.

सोमवारी मिरज, मंगळवारी तासगाव, बुधवारी कवठे महांकाळ आणि पुढचे दोन दिवस टेम्पोबरोबर जत. दिवसाला चाळीस दुकानं. सकाळी लवकर गेलं की "अजून भवानी झाली नाही, नंतर ये", दुपारी गेलं की मालक जेवायला, संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी. जतच्या पूर्वेला उमदीकडं कानडी चालायचं. तिथं मी पहिलं शिकलेलं वाक्य "नाळे बा", म्हणजे उद्या ये. दुकानदारांनीच शिकवलं, रोज म्हणून म्हणून.

एक दुकान सांगतो. कवठे महांकाळला स्टँडजवळचं किराणा दुकान. मालक मान वर न करता म्हणायचे, "काही नको." सलग अकरा बुधवार. बाराव्या बुधवारी पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, मी भिजलेला. म्हटलं, "काका, माल घेऊ नका, पण आमच्यावर राग कशाचा ते तरी सांगा." ते आत गेले आणि तेलाच्या डब्यांमागून एक खोकं ओढून काढलं. उंदरांनी कुरतडलेले साबण, दगड झालेली टूथपेस्ट, फुटून एकमेकांना चिकटलेल्या शांपूच्या लडी. वर आधीच्या सेल्समनची चिठ्ठी: "डॅमेज ६४० रु., पुढच्या खेपेला वजा." तो सेल्समन नोकरी सोडून गेला होता. पुढची खेप आलीच नाही, एकदम मीच आलो.

एजन्सीच्या मालकानं हात वर केले. मग माझ्या इन्सेंटिव्हमधून दोन हप्त्यांत ते ६४० रुपये काकांच्या बिलात वळते केले. त्यांनी तीन डझन साबण लिहून घ्यायला सांगितले. पुढं दहा वर्षांत त्यांनी एकदाही "नाळे बा"चा मराठी अवतार ऐकवला नाही. लोक मला चिकाटीबद्दल विचारतात तेव्हा मी हे सांगतो, पण खरं म्हणजे अकरा बुधवार मी नुसता "काय देऊ?" विचारत होतो. वाया घालवले म्हणायचे. काय झालंय हे पहिल्याच बुधवारी विचारायला हवं होतं.

आता तुमच्या बाजूचं. २००८ मध्ये कंपनीच्या ऑफिसरची जागा निघाली. एजन्सीच्या पगारावरचा सेल्समन आणि कंपनीच्या पगारावरचा ऑफिसर यांच्यामध्ये तुमचा तो कागद असतो, बाबा. जो मुलगा गाडीवर माझ्या मागं बसून लाईन, म्हणजे दुकानांची ठरलेली फेरी, शिकला, तो पदवीधर म्हणून लागला आणि मी त्याला "सर" म्हणू लागलो. २०११ ला पुन्हा तेच. शिक्षणाच्या रकान्यात "बारावी" बघून साहेबांनी चहा मागवला आणि चहाबरोबर मुलाखत संपली. २०१३ मध्ये एका लहान कंपनीला जत-आटपाडी माहीत असलेला माणूस हवा होता. त्यांनी एकच विचारलं, कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडं पैसे अडकत नाहीत. मी नावं सांगितली आणि लागलो. म्हणजे पदवी नसल्यानं काही बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पाच वर्षं गेली त्यात. आम्ही चौघं एकदमच लागलो होतो. त्यातला एक पन्नाशीला आला तरी लाईनवरच आहे, गुडघे गेलेत त्याचे. तुमच्या नातीला मी पदवी पुरी केल्याशिवाय सोडणार नाही, हेही लिहून ठेवतो.

पण तुम्ही दिलेलं एक वापरलं. डाव्या समासात तारीख, उजवीकडं रक्कम, पान संपलं की खाली दोन रेघा. तुमच्या शाळेच्या वहीसारखीच माझी उधारीची वही. ऑर्डर मोबाईलवर आली तरी ती मी बंद केली नाही, पोरं हसतात. नोटाबंदीत लोकांना तिची भलतीच आठवण झाली. वर्षानुवर्षं बुडालेली उधारी लोक आपणहून द्यायला आले, सगळी जुन्या हजाराच्या नोटांत! त्या नोटा मी घेतल्या नाहीत, ती उधारी अजून वहीत आहे.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गणपती पेठेतलं आमच्या डिस्ट्रिब्युटरचं गोडाऊन पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर शटर उचललं तर बिस्किटांचा लगदा, आणि बिलबुकं अशी की पान उलटलं की हातात येतंय. कॉम्प्युटर चिखलात. माझी वही घरी माळ्यावर होती. आठ दिवस दुकानदार येऊन माझ्याकडं विचारत होते, "माझं किती निघतं बघा हो." ज्यांची दुकानं बुडाली त्यांनीच विचारलं. मी आकडा सांगायचो आणि सांगायचो, घाई नाही. एकानंही "वहीत चूक असेल" म्हटलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं. पण "मग पदवी..." ऐकायची भीती वाटली.

तर १,४०० रुपयांचा हिशेब. जुन्या एम-एटीचं मागचं टायर आणि ट्यूब ६८०. क्लचप्लेट आणि मजुरी ३१०. पावसाळी कोट १८०. उरलेल्या २३० चं पेट्रोल. त्या पावसाळ्यात गाडी बंद पडली असती तर लाईन दुसऱ्याला गेली असती, आणि तुमच्याकडं टायरसाठी पैसे मागायची माझी छाती नव्हती. फॉर्मसाठी तुम्ही लगेच दिले असते, हे माहीत होतं. म्हणून खोटं बोललो.

आई, तुला हे तेव्हाच कळलं होतं ना? कोरं टायर बघून तू एवढंच म्हणालीस, "गाडी बरी झाली की." आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त घातलीस.

पंचमीला येतोय, पोरीला घेऊन. येताना बाबांचे डोळ्यांचे थेंब आणतो, बाटलीचा फोटो पाठव. आणि हे वाचून झाल्या झाल्या त्यांना फोन लावू देऊ नकोस. आधी चहा दे.

तुमचा,
बाळू