एक रेघ, दोन रेघा

वरूड तालुका, जि. अमरावती
दि. २ फेब्रुवारी

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की शिमल्याचे फिगर स्केटिंगचे शिबिर वाया गेले, सातांपैकी दोन दिवस तर ढगांनीच खाल्ले आणि बर्फावर हवेत पूर्ण फेरा घेऊन उतरायच्या ज्या सॅल्काव उडीसाठी एवढी रजा व पैसा घातला ती उडी काही आली नाही. त्या वेळी मी फारसे बोलले नाही, कारण दारात तुरीची गाडी उभी होती आणि मजूर खोळंबले होते. आज निवांतपणे लिहिते. माझे मत तुझ्या मताच्या अगदी उलट आहे आणि ते मी केवळ आई म्हणून तुझी समजूत काढण्यासाठी सांगत नाही. शाल, मफलर आणि तुझ्या बाबांची माकडटोपी घालून मी रोज रिंकच्या कडेच्या बाकावर बसून होते, आणि जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर माझी टिपणे आहेत.

ढगांचे आधी संपवते. १९२० पासून चालत आलेली शिमल्याची ती बर्फाची रिंक यंत्राने गोठवलेली नाही. उघड्या मैदानावर रात्री पाणी सोडायचे आणि आकाशाने ते गोठवायचे, असा तो व्यवहार आहे. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची ऊब वर निघून जाते, ढग आले की तीच ऊब गोधडीखाली अडकल्यासारखी खाली राहते. हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ढगाळ हवेत थंडी पळते आणि तुरीवर अळी येते, एवढे शाळेतले पोरही जाणते. तेव्हा त्या दोन दिवसांचा राग कोणावर काढण्यात अर्थ नाही.

शिवाय ते दिवस रिकामे गेले, हेही खरे नाही. प्रशिक्षकांनी तुम्हा नऊ जणांना हॉलमध्ये नेऊन दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि नंतर साध्या बुटांवर, हात छातीशी घेऊन, फरशीवर पूर्ण गिरकीची उडी करायला लावली. त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे : मनू, बारा प्रयत्न, नऊ वेळा पूर्ण फेरा. म्हणजे तुझ्या शरीराला फेरा येतो. फरशीवर येणारा फेरा बर्फावर अर्धाच होतो, तर खोट फेऱ्यात नाही, पायाखाली आहे. गणितात उत्तर चुकले की आपण शेवटची नाही, पहिली पायरी तपासतो.

ती पहिली पायरी मी जवळून पाहिली. पहिल्या दिवशी दुपारच्या आधी, सत्र संपता संपता, प्रशिक्षकांनी तुला थांबवून खाली बसवले आणि तुझ्याच पायाने उमटलेली खूण दाखवली. मी कठड्याला टेकून वाकून पाहत होते. बर्फावर दोन बारीक रेघा होत्या, अगदी शेजारी शेजारी, दुरेघी वहीसारख्या. तेव्हा मला समजले की स्केटच्या बुटाखालचे ते पाते सुरीसारखे नसते. जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या त्या पात्याच्या तळाला मधोमध खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारदार कडा असतात. दोन रेघा उमटल्या म्हणजे पाते सपाट पडले. एक रेघ उमटली म्हणजे शरीर झुकले आणि एकाच कडेने भार घेतला. सॅल्काव उडी तर डाव्या पायाच्या आतल्या कडेवर मागे जाता जाताच उचलायची असते, आणि उतरायचे उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. कडच नसेल तर वळण नाही, आणि वळण नसेल तर उडीला फेरा कोठून मिळणार? तू सपाट पात्यावरून अंगाच्या झटक्याने स्वतःला फिरवत होतीस.

यानंतर तीन दिवस त्यांनी तुम्हाला आठाचा आकडा काढायला लावला आणि तू चिडलीस. (आपला ८ नव्हे बरे, इंग्रजी, दोन वर्तुळे एकमेकांना चिकटलेली.) रात्री खोलीत मला म्हणालीस, "आई, मी काय बालवाडीत आले आहे का?" त्या रात्री मी हसले, पण उत्तर आत्ता देते. मी एकतीस वर्षे पहिलीच्या मुलांना पाटीवर अंक गिरवायला लावले. ज्याला गिरवण्याचा कंटाळा यायचा त्याचे अक्षर पुढे चौथीतही ओळ सोडून पळायचे. तूच मला सांगितले होतेस की ही उडी स्वीडनच्या उलरिक सॅल्काव यांनी १९०९ मध्ये प्रथम केली. तेच दहा वेळा विश्वविजेते झाले आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांचेच. त्यांच्या काळात स्पर्धेचे निम्म्याहून अधिक गुण असे आकडे गिरवण्यालाच होते, आणि जागतिक स्पर्धेत ते १९९० पर्यंत टिकले. या खेळाच्या नावातला 'फिगर' तो हाच. तुला ज्यांची उडी हवी आहे, ते गृहस्थ आधी उत्तम गिरवणारे होते.

आता पडण्याबद्दल. पहिल्या दिवशी तू अकरा वेळा पडलीस, शेवटच्या दिवशी एकोणीस वेळा. तू याला घसरण म्हणतेस. मला वाटते, पहिल्या दिवशी तू कमी पडलीस कारण झुकतच नव्हतीस, "घुटना, दीदी, घुटना!" असे प्रशिक्षक ओरडत होते आणि तुझा गुडघा काठीसारखा ताठ होता. शेजारी आठ वर्षांची पोरगी पडून उठून पुन्हा निघून जायची, पण तिला पडायला अंतर किती आणि अंगात वजन किती! सदतिसाव्या वर्षी शरीर आधी हिशेब करते. मी अडतिसाव्या वर्षी सायकल शिकले, बदलीची शाळा सहा किलोमीटरवर होती आणि एस. टी. वेळेवर येत नसे म्हणून. तुझे बाबा कॅरिअर धरून धावत होते. त्यांनी हात सोडल्याचे कळताच मी भीतीने अंग आखडले आणि धुऱ्यावरच्या बाभळीत गेले. पाठीतले काटे काढायला तुझी आजी आणि अर्धी गल्ली जमली होती. पडले त्यापेक्षा ते जास्त लागले.

इथेही लोक विचारतात. शेजारच्या काकूंनी विचारले, "पोरीले आता या वयात हे काय सुचलं?" मी त्यांना सांगितले की अमेरिकेत १९९५ पासून मोठ्यांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा होते आणि जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला २००५ पासून आंतरराष्ट्रीय, वयोगट पाडून. त्यांना ते पटले नाही, पण चहा त्यांनी संपवला. मला मात्र तुझे एक पटले नाही. अशा स्पर्धेला जायचे म्हणून सॅल्काव याच हिवाळ्यात हवी, हा हट्ट. तू रविवारच्या रविवार दिल्लीकडच्या रिंकवर जाऊन जेवढे करतेस, त्यातली पहिली वीस मिनिटे आकड्यांना दे, उड्या नंतर.

वहीतली शेवटची नोंद तुला सांगायची राहिली होती. निघायच्या दिवशी, ऊन चढून बर्फ मऊ व्हायच्या आत, तू डाव्या पायाच्या आतल्या कडेवर मागे एक वर्तुळ काढलेस आणि बूट सोडायला निघून गेलीस. मी कठड्याशी जाऊन पाहिले. सुरुवातीला दोन रेघा होत्या. पाव वर्तुळानंतर एक झाली, आणि जवळजवळ शेवटपर्यंत एकच होती. मोबाइलमध्ये फोटो काढला आहे, पण त्यात नुसता पांढरा रंग दिसतो.

सोबत पार्सल पाठवते आहे. तुझ्या पँटच्या आत घालायच्या दोन गाद्या शिवल्या आहेत, आपल्याच वावरातल्या कापसाच्या. उजवीकडची जाड केली आहे, कारण तू त्याच बाजूवर पडतेस. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळव, नाहीतर गोळे होतील.

तुझी,
आई