कॅमेलियांची यादी करण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही मिळालं. घरामागची मोकळी जागा तू कॅमेलियांना, या चहाच्या कुळातल्या फुलझाडांना, देणार हे वाचून फार बरं वाटलं. आता यादीबद्दल स्पष्टच लिहितो, कारण तू तसंच विचारलं आहेस.

तू निवडलेल्या जाती जवळपास सगळ्या जपोनिका, म्हणजे कॅमेलियाच्या एकाच प्रजातीतल्या, आहेत, सगळ्या गुलाबी नाहीतर लाल, सगळ्या भरगच्च पाकळ्यांच्या, आणि बहुतेक सगळ्या साधारण एकाच वेळी फुलणाऱ्या. फोटो बघून यादी केली की असंच होतं. ते चार-सहा आठवडे बाग बघण्यासारखी होईल, पण एरवी नुसती पानं. माझा आग्रह एकच आहे: संग्रह रंगांचा करू नकोस, फुलण्याच्या काळाचा कर. शरदात पहिलं फूल उमलावं आणि वसंत सरताना शेवटचं गळावं, अशी साखळी लावता येते. त्यासाठी पन्नास झाडं लागत नाहीत. नीट निवडली तर दहा-बाराही पुरतात.

सुरुवात सासांक्वा या दुसऱ्या प्रजातीपासून कर. तुझ्या यादीत ती एकही नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. ही मूळची दक्षिण जपानची. पानं लहान, फूल साधं आणि पातळ पाकळ्यांचं, म्हणून फोटोत ती मागे पडते. पण बाकीच्या कॅमेलिया कळ्या घट्ट मिटून बसलेल्या असतात तेव्हा, शरदातच, ही फुलायला लागते. बऱ्याच जातींना मंद वासही असतो, आणि जपोनिकात तो क्वचितच मिळतो. ऊनही ती जास्त सोसते. जपोनिकाचं फूल अख्खंच्या अख्खं खाली पडतं, हिच्या पाकळ्या सुट्या सुट्या गळतात, त्यामुळे झाडाखाली सडा पडतो. ‘सेत्सुगेक्का’ ही पांढरी जात आधी लाव, मग पुढचं बोलू.

सासांक्वा आटोपत आली की लवकर फुलणाऱ्या जपोनिका येतात, उदाहरणार्थ ‘दाइकागुरा’ किंवा ‘डेब्युटंट’. मग मधल्या काळातल्या, त्यांच्यात निवडीला तोटा नाही. ‘अडॉल्फ ओडुसाँ’ ही जुनी फ्रेंच जात मला अजून कुठल्याही नव्या लाल जातीपेक्षा आवडते. गडद लाल अर्धदुहेरी (पाकळ्यांचे दोन-तीनच थर असलेलं) फूल आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. त्यानंतर विल्यम्सीआय संकर. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला, केअरहेज इथे, जे. सी. विल्यम्स यांनी सालुएनेन्सिस आणि जपोनिका यांचा संकर केला, त्यातून हा गट आला. सालुएनेन्सिस ही चीनच्या युनानमधली रानटी जात. हिच्यामुळे या झाडांना दोन गुण मिळाले. एक म्हणजे कमी उजेडातही ती भरभरून फुलतात. दुसरं म्हणजे वाळलेली फुलं आपोआप गळून पडतात. काही जपोनिकांवर करपलेली तपकिरी फुलं तशीच लटकत राहतात आणि पांढऱ्या जातीवर ते फार वाईट दिसतं. ‘डोनेशन’ ही गुलाबी जात या गटातली सगळ्यांत प्रसिद्ध आहे आणि तिचं नाव झालं ते योग्यच आहे.

रेटिक्युलाटा ही आणखी एक प्रजाती मात्र पहिल्या काही वर्षांत घेऊ नकोस. फूल प्रचंड, पाकळ्या रेशमी आणि लाटा उठल्यासारख्या, हे सगळं खरं. पण झाड उंच, विरळ फांद्यांचं वाढतं, थंडी कमी सोसतं आणि छाटकामही त्याला फारसं मानवत नाही. हात बसल्यावर एक आण, तीही जागा राखून.

आता मातीकडे येतो, कारण तिथे चुकलं तर वरची सगळी निवड फुकट. चहाचं झुडूप हीसुद्धा कॅमेलियाच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्यामुळे चहाच्या मळ्याला जी माती मानवते तीच हिला: आम्लधर्मी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, पण कोरडी ठाक न पडणारी. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. खड्डे खणायच्या आधी माती तपासून घे, कारण तुझ्या बोलण्यावरून ती जागा बांधकामाच्या राडारोड्यावर भर घालून केलेली वाटते. राडारोड्यात चुना असतो, आणि चुना असला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं असेल तर जमिनीशी झगडत बसू नकोस. वाफे उंच करून घे किंवा सरळ मोठ्या कुंड्या वापर. कॅमेलिया कुंडीत वर्षानुवर्षं सुखानं राहते. पाणी जड असेल तर पावसाचं साठव.

झाड लावताना खोल पुरू नकोस. मुळांच्या गड्ड्याचा वरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या मातीच्या किंचित वरच राहू दे. अन्न घेणारी बारीक मुळं अगदी वरच्या थरात पसरतात. म्हणूनच बुंध्याभोवती खुरपणी करायची नाही. तण हातानं उपट आणि पालापाचोळ्याचं आच्छादन घाल, फक्त ते खोडाला भिडू देऊ नकोस. जागा अशी निवड की दुपारचं कडक ऊन टळेल. कडक थंडी पडत असेल तर सकाळचं पहिलं ऊनही टाळ, कारण गोठलेल्या कळीवर एकदम ऊन आलं की ती भाजल्यासारखी तपकिरी होते.

तू विचारलं होतंस की कुणाच्या तरी झाडावर कळ्या भरपूर येतात, पण उमलायच्या आधीच का गळतात. याचं कारण फुलांच्या दिवसांत शोधून सापडत नाही, ते आधीच्या उन्हाळ्यात असतं. फुलं सरली की नवी पालवी फुटते आणि ती पक्की झाली की फांदीच्या टोकाला पुढच्या हंगामाच्या कळ्या धरायला लागतात. जवळ जाऊन बघशील तर दोन प्रकार सहज ओळखू येतील. पानाची कळी बारीक, टोकदार, फांदीला चिकटून असते. फुलाची गोल, फुगीर असते, तिच्यावर खवल्यांसारखी आवरणं एकावर एक बसलेली असतात आणि बोटानं हलकेच दाबली तर भरीव लागते. त्या काळात, म्हणजे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, झाड तहानलं की त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो आणि टपोऱ्या झालेल्या कळ्या गळायला लागतात. नेमकं तेव्हाच आपलं लक्ष नसतं, कारण झाड हिरवंगार दिसत असतं. खत फुलं संपल्यावर द्यायचं आणि उन्हाळ्याच्या मध्यानंतर थांबवायचं. छाटणीही फुलं संपल्याबरोबर, नंतर केली तर पुढच्या कळ्याच छाटल्या जातात.

एकाच टोकाला तीन-चार कळ्या आल्या तर मी एक ठेवतो आणि बाकीच्या पिरगळून काढतो, म्हणजे राहिलेलं फूल नीट उमलतं. प्रदर्शनवाले आणखी पुढे जातात. फुलाच्या कळीशेजारची पानाची कळी खुडून तिथल्या इवल्याशा वाटीत जिबरेलिक आम्लाचा, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या वनस्पती-संप्रेरकाचा, एक थेंब सोडतात. फूल लवकर आणि मोठं येतं. बक्षीस मिळवायचं असेल तर ठीक, घरच्या बागेत मला ते पटत नाही. वेगवेगळ्या काळांत फुलणारी झाडं निवडायची आणि मग एकेकाला घाई करायची, यात काय अर्थ?

संग्रहाचा दुसरा धागा सांगतो, आणि यातच माझा जीव सगळ्यांत जास्त रमतो. ‘एलेगन्स’ नावाची जपोनिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये चँडलर यांनी ती बियांपासून वाढवली. गडद गुलाबी, बाहेर रुंद पाकळ्यांचं कडं आणि मध्ये बारीक पाकळ्यांचा उंच गोंडा. या झाडाला अधूनमधून एखादी फांदी वेगळंच फूल देते. अशी फांदी कलम करून वाढवली की नवी जात तयार होते. ‘सी. एम. विल्सन’ ही फिकट गुलाबी जात अशीच ‘एलेगन्स’च्या फांदीवर निघाली. तिच्यावर पुढे ‘शिरो चान’ निघाली, जवळजवळ पांढरी, आणि ‘एलेगन्स स्प्लेंडर’ही, फिकट गुलाबीला पांढरी कड असलेली. ही चारही झाडं शेजारी शेजारी लावली की एकाच घराण्याच्या पिढ्या समोर दिसतात. घडण तीच, पान तेच, रंग मात्र उतरत गेलेला. फुलांच्या दिवसांत मी ‘एलेगन्स’ची प्रत्येक फांदी न्याहाळतो. मध्यंतरी एका बाजूच्या डहाळीवर पाकळ्यांच्या कडा कातरलेलं फूल आलं. ती डहाळी मी दोऱ्यानं खूण करून ठेवली आहे. पुढच्या हंगामातही तसंच फूल आलं तर कलम बांधीन.

फुलांवरचे पांढरे पट्टे मात्र प्रत्येक वेळी असे जन्मजात नसतात. पुष्कळदा तो विषाणूचा परिणाम असतो. लालावर पांढरे ढग दिसायला सुंदर दिसतात आणि काही लोक मुद्दाम कलमातून तो विषाणू झाडात चढवतात. पण त्यानं झाडाचा जोर कमी होतो. म्हणून कलमासाठी खुंट (खालचं मुळाचं रोप) आणि डोळा (त्यावर बसवायची कळी) दोन्ही निरोगी झाडाचे घे.

यादीत एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या, फुलांची एक तरी जात घाल. पूर्ण दुहेरी फुलात पुंकेसर दिसतच नाहीत, मधमाश्यांना तिथे काही मिळत नाही आणि बी धरण्याची आशाही जवळजवळ नसते. एकेरी फुलांवर माश्या येतात. जपानात तर चष्मेवाला हा चिमुकला पक्षी जपोनिकाचं परागीभवन करतो. एकेरी फुलांतच जपानच्या कुमामोतोकडच्या हिगो जाती येतात, तिथल्या सामुराई घराण्यांनी जोपासलेल्या. पाच ते नऊ पाकळ्यांचं जवळजवळ सपाट फूल, आणि मध्ये शंभराहून अधिक पुंकेसर चहूबाजूंनी फाकलेले. ज्याला कॅमेलिया म्हणजे गुलाबासारखं काहीतरी वाटतं त्याला मी आधी हिगो दाखवतो.

पाकळ्यांच्या करप्याची धास्ती तू लिहिली आहेस, ती रास्त आहे. सिबोरिनिया कॅमेली ही ती बुरशी. १९१९ मध्ये जपानात तिची पहिली नोंद झाली आणि नंतर ती कॅमेलियांच्या बहुतेक प्रदेशांत पोचली. थंडीवाऱ्यानं फूल तपकिरी झालं की बहुधा कडेकडेनं होतं. करपा असेल तर डाग फुलभर झपाट्यानं पसरतो आणि पाकळीच्या शिरा जास्त गडद दिसतात. शंका आली तर फूल उलटं करून देठाकडचं हिरवं आवरण काढ. पाकळ्यांच्या बुडाशी राखाडी-पांढरं कडं दिसलं की समज, तोच. पानाखोडाला तो काही करत नाही, पण पडलेल्या फुलांत बुरशीच्या काळ्या कठीण गाठी तयार होतात, त्या मातीत काही वर्षं जिवंत राहतात आणि थंडी सरताना पुन्हा बीजाणू सोडतात. म्हणून खाली पडलेली फुलं रोज वेच आणि खताच्या खड्ड्यात टाकू नकोस. नवं झाड आणलंस तर त्यावरच्या रंग दिसू लागलेल्या कळ्या काढून टाक, आणि कुंडीतल्या मातीचा वरचा थरही. काळी पडलेली पानं दिसली तर ती काजळी, म्हणजे किडीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी, असते. वरून पुसत बसू नकोस, पानाखाली खवले कीड शोध.

नावांच्या पट्ट्या मात्र पहिल्या दिवसापासून लाव. प्लास्टिकवरची शाई उन्हानं उडते. मऊ अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्यानं दाबून लिहिलेलं टिकतं. ती फांदीला सैल बांध, नाहीतर वाढत्या फांदीत रुतते. शिवाय वहीत बागेचा नकाशा काढून कुठलं झाड कुठे, कुणाकडून आलं आणि दर वर्षी पहिलं फूल कधी उमललं ते लिहून ठेव. पट्टी हरवली तर नुसत्या फुलावरून जात ओळखणं जाणकारालाही जड जातं, आणि पहिल्या फुलाच्या नोंदीवरूनच साखळीत खंड कुठे पडतो ते तुला कळेल.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या पिल्निट्झला १८०१ मध्ये जमिनीत लावलेली एक जपोनिका अजून फुलते. थंडीत तिच्यावर रुळांवरून काचघर सरकवतात. १९०५ च्या हिवाळ्यात तिच्यावरचं तेव्हाचं लाकडी आवरण जळालं, विझवायला मारलेलं पाणी झाडावरच गोठलं, आणि तरी ती पुन्हा फुटली. म्हणून दोन झाडांत अंतर ठेवताना आजच्या कुंडीकडे बघू नकोस.

माझ्याकडच्या ‘सेत्सुगेक्का’ला तुझ्यासाठी गुटी बांधली आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडली, दोन-अडीच सेंटीमीटरची साल गोल काढून खालचा हिरवा थर खरवडला, ओलं शेवाळ बांधून वरून प्लास्टिक गुंडाळलं. आतून पांढरी मुळं दिसायला लागली आहेत. ती तपकिरी व्हायला लागली की कापून कुंडीत लावीन आणि जोम धरल्यावर पाठवीन. तोवर तू दोन गोष्टी कर: मातीचा सामू तपासून कळव, आणि त्या जागेवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठे पडते त्याचा कच्चा नकाशा पाठव. तो आला की तुझी यादी पुन्हा समोर घेऊन कुठली ठेवायची, कुठली गाळायची ते बसून ठरवू. ‘एलेगन्स’ तेवढी आत्ताच पक्की धर.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच मित्र