मुलींनाही संध्याकाळी क्रिकेट सरावाचं नेट द्या

मा. संपादक,

माझी लेक तेरा वर्षांची, डावखुरी. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरात कोणी झोपलं नाही. स्मृती मानधनाने त्या स्पर्धेत ४३४ धावा काढल्या. पण लेकीला जास्त आवडते ती सांगलीची गोष्ट. भावाचं बघत बघत स्मृती खेळायला लागली, ९ व्या वर्षी राज्याच्या १५ वर्षांखालील संघात आली, ११ व्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. आणि २०१३ मध्ये बडोद्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४! सांगली म्हणजे काही मुंबई नव्हे.

आमच्याकडेही मैदान आहे, पण संध्याकाळी ते मुलांचं. लेक पहाटे भावाबरोबर जाते, थंडीत दवाने भिजलेल्या मॅटवर खेळते. लेदरच्या चेंडूने बोट सुजलं तरी सांगत नाही. कापूस विकून पॅड आणले. शेजारी नावं ठेवतात, सासूबाई मात्र म्हणतात, "खेयू दे तिले."

आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींना नेट मिळावं. आमच्या गल्लीतल्याच आणखी चार जणी यायला तयार आहेत.

– एक आई, अमळनेर (जि. जळगाव)