भाडं हप्ता भरत नाही

महोदय,

रविवारच्या मालमत्ता पुरवणीत ‘कर्जावर फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरू भरेल’ हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. हेच ऐकून 2014 साली मी इंदूरच्या भंवरकुआं या कोचिंग क्लासच्या भागाजवळ 23 लाखांचा फ्लॅट भाड्याने द्यायला घेतला. पाच लाख माझे, 18 लाख कर्ज, व्याज 10.15 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता 17,550 आणि भाडं 8,500! वरचे नऊ हजार दर महिन्याला माझ्या पगारातून जात. पहिल्या वर्षी 2,10,600 रुपये भरले आणि मुद्दल उतरलं जेमतेम 29 हजारांनी. बँकेचा तो उतारा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीनदा वाचला.

मार्च 2020 मध्ये कोचिंग बंद पडले. माझ्याकडे भाड्याने राहणारी खरगोनची मुलं गाद्या गुंडाळून गावी गेली, ती परतली नाहीत. नऊ महिने कुलूप होतं. हप्ते पुढे ढकलायची सवलत मी घेतली, पण व्याज चालूच राहिलं. सोसायटीचा मेंटेनन्स आणि नगर निगमचा संपत्ती कर तर कुणालाच चुकला नाही.

जिवाला लागतं ते वेगळंच. फ्लॅट घेतला तेव्हा माझे आणखी नऊ लाख मुदत ठेवीत होते. ‘आपला पैसा कशाला अडकवता,’ असं दलाल म्हणाला. तेही घातले असते तर हप्ता 8,775 आला असता, जवळजवळ भाड्याएवढा. शेवटी 2021 मध्ये ती ठेव मोडूनच कर्ज उतरवलं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, हे तेव्हा कळलं.

थोरल्या दिरांनी मात्र निवृत्तीचा सगळा पैसा घालून, एक रुपयाही कर्ज न काढता सुदामा नगरात घर घेतलं. भाडं पूर्ण त्यांचं. पण जाऊबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हाताशी दोन लाख नव्हते; धाकट्या जावयाकडे मागावे लागले. तेही मला पटत नाही.

आणि करसवलत? आयकराच्या जुन्या पद्धतीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा, म्हणजे भाड्याहून जास्त गेलेलं व्याज, वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. 2023-24 पासून आपण वेगळं कळवलं नाही तर नवी पद्धत लागू होते आणि तीत हा तोटा पगारातून वजा होत नाही. दलाल अजून जुनाच हिशेब दाखवतात. माझ्या मुलालाही गेल्याच महिन्यात सुपर कॉरिडॉरच्या फ्लॅटसाठी तोच दाखवला.

पुरवणीत फ्लॅटच्या किमतीशेजारी त्या भागातलं चालू भाडं आणि पहिल्या वर्षाचं व्याज, एवढे दोन आकडे तरी छापावेत, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त लेखापाल, इंदूर