शेवट ठरलेला असला तरी कादंबरी आपोआप लिहून होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत हलक्याफुलक्या वाचनावर एक लेख होता. लेख तसा छान होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं बरं असतं, शेवट आधीच ठरलेला, मधली पानं भरली की झालं काम. ते वाचून पेपर बाजूला ठेवला खरा पण दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. मी गेली अकरा वर्षं प्रेमकथाच लिहितेय, सात कादंबऱ्या छापून झाल्यात, आठवीचं काम चालू आहे, म्हणून म्हटलं मनात कुढत बसण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं.

शेवट ठरलेला असतो हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना १९८० मध्ये सुरू झाली, त्यांनी केलेली व्याख्याच अशी आहे की गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा देणारा हवा. बस, दोनच अटी. पण आता तुम्ही जरा लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. रहस्यकथा लिहिणाऱ्याकडे लपवायला खुनी तरी असतो, आमच्याकडे काय आहे, वाचकाला पहिल्याच पानावर कळलेलं असतं की हे दोघं शेवटी एकत्र येणार, आणि तरीही दोनशेव्या पानावर त्याच वाचकाच्या पोटात खड्डा पडला पाहिजे की आता काही खरं नाही, आता हे जमत नाही. हे मधली पानं भरून होत नाही हो.

सगळी मेहनत एका प्रश्नावर जाते, हे दोघं एकमेकांना आवडतात तर मग अडलंय कुठे? बाहेरचं कारण सापडायला सोपं असतं, बदली झाली, पैसे नाहीत, घरचे नाही म्हणतायत. पण बाहेरचं कारण एका ओळीत सुटतं, बदली रद्द झाली, संपलं. खरं कारण माणसाच्या आत असावं लागतं, कसली तरी भीती, कसली तरी सवय, जी सोडायला त्याला अख्खी कादंबरी लागेल. गैरसमजावर गोष्ट ढकलायचा मोह मलाही होतो, पण जो गैरसमज एका फोनने मिटू शकतो त्याच्यावर तीनशे पानं उभी करायची म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, आणि वाचकाला ते लगेच कळतं.

सध्याच्या कादंबरीतलंच सांगते. नायिका घड्याळं दुरुस्त करते. नायक आपल्या वारलेल्या वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन येतो, बंद पडलंय म्हणतो. ती उघडून बघते तर आत काहीही बिघडलेलं नाही, फक्त कित्येक महिने कुणी चावी दिलेली नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती त्याला हे सांगतच नाही, आठ दिवसांनी या म्हणते, म्हणजे तो परत येईल. लिहिताना मला ते गोड वाटलं होतं, पण आठवड्याने वाचलं तेव्हा लक्षात आलं की ही बाई एका दुःखी माणसाशी खोटं बोलतेय, पुढे तिच्यावर विश्वास कोण ठेवणार. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये ती सांगते आणि दोघं हसतात, सीन मेला. तिसऱ्यात एक गिऱ्हाईक मधे येतं, चौथ्यात फोन वाजतो, म्हणजे मी पळवाटा शोधत होते. पाचव्या वेळी तिला सरळ बोलायला लावलं, "हे बिघडलेलं नाहीये, याला कुणी चावी दिली नाहीये." आणि तो काहीच बोलला नाही, घड्याळाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "राहू दे इथेच थोडे दिवस." तेव्हा मला कळलं की अडलंय ते त्याचं अडलंय, घड्याळ चालू झालेलं त्याला बघवणार नाहीये, चालू झालं की वडील गेले हे मान्य करावं लागेल. दोन पानांच्या सीनला अकरा दिवस लागले, पण त्यातून अख्ख्या पुस्तकाचा कणा मिळाला.

बाकी दिवस कसा जातो म्हणाल तर त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. पहाटे साडेपाचला बसते, साडेसातपर्यंतचा वेळ माझा, त्यानंतर नोकरी आणि घर. बसलं की आधी कालची दोन पानं मोठ्याने वाचायची, मग पुढे. आठशे शब्द झाले की चांगला दिवस, काही दिवस कालचे आठशे डिलीट करण्यात जातात आणि तोही कामाचाच दिवस धरते. रात्री संवाद तपासते. संवाद फोनवर रेकॉर्ड करते, नावं न घेता, "ती म्हणाली" "तो म्हणाला" सगळं गाळून, आणि भांडी आवरताना ऐकते. नुसत्या बोलण्यावरून कोण बोलतंय हे कळलं नाही तर दोघंही माझ्याच आवाजात बोलतायत असा अर्थ, परत लिहायचं.

एक वही वेगळी असते, तिच्यात प्रत्येक प्रकरणाचा वार, वेळ, कुणाला काय माहीत आहे, कुणाला अजून कळलेलं नाही, कुणाला कुठे लागलंय हे सगळं. ही वही तिसऱ्या कादंबरीनंतर सुरू केली. त्या कादंबरीत सहाव्या प्रकरणात नायिकेच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि गोष्टीतल्या दोनच दिवसांनी, नवव्या प्रकरणात, ती दोन्ही हातांच्या ओंजळीत त्याचा चेहरा धरते. माझ्या नजरेतून सुटलं, एडिटरच्या सुटलं, प्रूफमध्ये सुटलं आणि एका वाचक बाईंनी पत्र पाठवून विचारलं की तिचं प्लास्टर कधी काढलं हो? मला फार वाईट वाटलं, कारण त्या बाई ज्या क्षणी रडायला हव्या होत्या त्या क्षणी मी त्यांना मनगट आठवायला लावलं.

आणि जवळिकीचे सीन. त्यावरून लोक डोळे मिचकावतात, नातेवाईक विचारतात हे सगळं स्वतःच्या अनुभवाचं का, मला त्याचा आता त्रास होत नाही पण गैरसमज दूर करावासा वाटतो. हा सीन लिहायला सगळ्यात अवघड असतो. एक तर हात कुणाचा कुठे आहे हे ओळीओळीला लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर एकाला तीन हात होतात. पण खरी अडचण ती नाही. सीन संपल्यावर दोघांमधलं काहीतरी बदललेलं पाहिजे, कुणीतरी जास्त उघडं पडलेलं पाहिजे, कुणीतरी घाबरलेलं पाहिजे. तो सीन काढून टाकला आणि गोष्ट जशीच्या तशी पुढे चालली तर तो नकोच होता, मी असे तीन चार लिहून काढून टाकलेत. आणि समोरच्याची इच्छा आहे की नाही हे दोघांनाही कळतंय ना, हे मी प्रत्येक वेळी तपासते, कारण तरुण मुलं मुली हे वाचतात आणि प्रेम कसं असतं हे कुठेतरी यातूनही शिकतात.

इंग्लंडच्या प्रेमकथा लेखिका बार्बरा कार्टलंड सोफ्यावर आडव्या होऊन सेक्रेटरीला तोंडी मजकूर सांगायच्या आणि त्यांच्या नावावर सातशेच्या वर पुस्तकं आहेत, हा किस्सा लोक नेहमी सांगतात, बघा किती सोपं म्हणून. मधे माझा हात दुखत होता तेव्हा मी महिनाभर फोनवर बोलून लिहायचा प्रयत्न केला. पात्रं नुसती स्वतःचं मन समजावून सांगत बसली, एकही माणूस गप्प बसेना. अख्खा सीन डोक्यात तयार असल्याशिवाय तो तोंडी सांगता येत नाही, हे मला तेव्हा समजलं, आणि त्या बाईंबद्दल आदर वाढला. अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखिका नोरा रॉबर्ट्स १९७९ च्या फेब्रुवारीत हिमवादळात दोन लहान मुलांसोबत घरात अडकल्या तेव्हा वहीत लिहायला लागल्या, पहिली कादंबरी यायला १९८१ उजाडलं, मधल्या काळात हस्तलिखितं परत येत होती. आज त्यांची दोनशेच्या वर पुस्तकं आहेत. लोक दोनशे हा आकडा बघतात, साभार परत आलेली बाडं कुणी बघत नाही.

पण तुमच्या लेखातल्या वाक्याला खरं उत्तर द्यायचं तर मी इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनचं उदाहरण देईन. 'पर्सुएशन' ही कादंबरी त्यांनी १८ जुलै १८१६ ला लिहून संपवली. शेवट ठरलेलाच होता, आठ वर्षांपूर्वी तुटलेले दोघं परत एकत्र येणार. पहिल्या लेखनात नायकाला एक अवघड निरोप घेऊन नायिकेकडे पाठवलंय, की तुमचं दुसरीकडे ठरतंय असं ऐकलं, खरं आहे का, ती नाही म्हणते, आणि एका खोलीत सगळं मिटतं. चाललं असतं ते, वाचकांनी तक्रार केली नसती. पण त्यांचं समाधान झालं नाही. तब्येत ढासळत होती तरी परत बसल्या आणि ६ ऑगस्टपर्यंत नवा शेवट लिहिला. त्यात लोकांनी भरलेली खोली आहे, नायक टेबलाशी काहीतरी लिहीत बसलाय, नायिका थोड्या अंतरावर दुसऱ्याशी बोलतेय की आशा संपल्यावरही बाईचं प्रेम टिकतं, ते त्याच्या कानावर पडतंय आणि तो तिथेच बसून तिला पत्र लिहितोय. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत आणि सगळं बोलून होतं. बरोबर वर्षाने, १८ जुलै १८१७ ला त्या गेल्या. रद्द केलेल्या शेवटाची हाताने लिहिलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांच्या प्रमुख कादंबऱ्यांच्या हस्तलिखितातली तेवढीच आज शिल्लक आहेत. लग्न दोन्ही शेवटांत तेच, माणसं तीच. मग त्या आजारी बाईने तीन आठवडे कशासाठी घातले?

माझी विनंती साधी आहे. तुमच्या परीक्षणाच्या पानावर प्रेमकथेलाही इतर कादंबऱ्यांसारखी जागा द्या, आणि जागा दिलीत की परीक्षण नीट करा, वाईट असेल तर वाईट म्हणा. या दोघांचं अडलं होतं ते कारण पटलं का, दुराव्याचा भाग पात्रांच्या स्वभावातून आला की ओढूनताणून आणला, मिटलं ते कुणीतरी बदललं म्हणून मिटलं की पानं संपली म्हणून, हे विचारा. "वेळ घालवायला बरी" एवढ्या तीन शब्दांवर नऊ दहा महिन्यांचं काम निकालात काढू नका. आम्हाला कौतुक नाही मिळालं तरी चालेल, वाचून केलेली टीका हवी आहे.

आणि तो लेख ज्यांनी लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही. घड्याळाच्या सीनचे पाचही ड्राफ्ट मी जपून ठेवलेत, खाडाखोडीसकट. त्यांना बघायचे असतील तर तुमच्या पत्त्यावर प्रिंट पाठवते, कळवा.

आपली,
एक कादंबरी लेखिका
(कृपया नाव छापू नये)